पुढचे पर्व

गोंदिया जिल्ह्यातील देवरी हे तालुक्याचे गाव मुंबई–कोलकाता महामार्गावर, छत्तीसगडच्या सीमेलगत वसले आहे. दिवाळी झाली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, की या भागात गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते. लेकी-जावई येतात, पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात. दिवसा दंडार हे लोकनाट्य होते आणि रात्री नाटक. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. तिथल्या नाटकांचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो. पडदा रात्री उशिरा वर जातो आणि पहाटेच्या सुमारास खाली येतो. त्याच गावांतल्या घराघरांत वर्षभर, रोज संध्याकाळपासून, मराठी आणि हिंदी मालिकाही चालू असतात. गोष्ट सांगून पोट भरणारे हे दोन धंदे एकाच प्रेक्षकापुढे उभे आहेत, पण नाटकवाल्याचा हंगाम ठरल्या वेळी संपतो आणि मालिका कधी संपणार हे ती लिहिणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. मालिका पर्वागणिक सुधारतात की खालावतात, या नेहमीच्या वादाचा उलगडा मला याच फरकातून होतो असे वाटते. तिथे पोहोचण्यापूर्वी मात्र या वादातला बराचसा गोंधळ दूर करावा लागेल.

‘पहिल्यासारखी मजा राहिली नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या पर्वाबद्दल ऐकू येते. त्यात तथ्य किती हे तपासताना सर्वांत आधी लक्षात घ्यायचे ते हे, की दुसरे पर्व सगळ्याच मालिकांना मिळत नाही. जी पहिल्या खेपेस गाजली तिलाच ते मिळते. एखादी मालिका गाजते तेव्हा तिच्यात गुण असतातच, पण त्याबरोबर काही योगही जुळून आलेले असतात. योग्य वेळ मिळालेली असते, समोरच्या वाहिनीवर त्या वेळी तगडे काही नसते, एखादे पात्र अनपेक्षितपणे लोकांच्या तोंडी बसते. गुण पुढच्या पर्वात टिकतात. योग पुन्हा तसेच जुळण्याची शक्यता कमी. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन याने 1886 मध्ये 205 जोडप्यांच्या आणि त्यांच्या 928 प्रौढ मुलांच्या उंचीच्या नोंदी तपासून दाखवले, की फार उंच आईबापांची मुले सरासरीपेक्षा उंच असली तरी आईबापांइतकी उंच बहुधा नसतात. त्यात कुणाचे काही बिघडलेले नसते. टोकाचे उदाहरण निवडले की त्याच्या पुढचे मोजमाप सरासरीकडे सरकते, एवढेच. गाजलेल्या मालिकेचे पुढचे पर्व थोडे फिके वाटणे हे काही प्रमाणात याच गणिताचे फळ आहे आणि त्यासाठी लेखकाला दोषी धरणे अन्यायाचे होईल.

याच्या नेमकी उलट फसगतही होते. तिसऱ्या-चौथ्या पर्वापर्यंत टिकलेला प्रेक्षक हा मुळातच त्या मालिकेवर जीव असलेला असतो. ज्यांना कंटाळा आला ते केव्हाच उठून गेलेले असतात आणि त्यांचे मत कुणी विचारत नाही. त्यामुळे उरलेल्यांकडून गुण मागवले, तर पुढची पर्वे आहेत त्याहून चांगली दिसतात. एक फसगत मालिकेला खाली ओढते, दुसरी वर ढकलते. म्हणून आकड्यांकडे पाहून या वादाचा निकाल लावता येत नाही. मालिकेच्या आत, गोष्टीच्या घडणीत काय होते, ते पाहावे लागते.

आत पाहिले तर एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतात. काळाबरोबर काही वाढते. नट पात्रात मुरतो. लेखकाला कळू लागते, की हे पात्र चिडल्यावर ओरडत नाही, गप्प होते; मग तो संवाद कापून नुसती नजर ठेवतो. दिग्दर्शकाला वाड्याचा कुठला कोपरा कुठल्या वेळी बोलका असतो ते उमगते. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे प्रेक्षकाजवळ आठवणींचा साठा होतो. पहिल्या भागात जे समजावून सांगायला दहा वाक्ये लागली असती, ते तिसऱ्या पर्वात एका शब्दात पोहोचते. ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेची 2008 ते 2013 या काळात पाच पर्वे झाली आणि जाणकारांनी शेवटची पर्वे पहिल्याहून सरस मानली, ती याच साठ्यामुळे. एका सौम्य रसायनशास्त्र शिक्षकाचा गुन्हेगार झालेला पाहून हादरायचे, तर तो सौम्य होता हे आधी पुरेसे पाहिलेले असावे लागते. जी माणसे मालिकेचा पहिला भागच सर्वश्रेष्ठ असतो असे मानतात, ती हा साठा हिशेबात धरत नाहीत.

दुसरीकडे काही घटतेही. प्रत्येक गोष्ट काही प्रश्न घेऊन सुरू होते. खून कुणी केला, हे दोघे एकत्र येतील का, वाडा कुणाच्या नावावर होणार, घर सोडून गेलेला मुलगा परतेल का? प्रेक्षक त्या प्रश्नांच्या उत्तरासाठी थांबलेला असतो. उत्तर दिले की प्रश्न खर्ची पडतो. न देता ताणला तर तो शिळा होतो. एखाद्या घरात बियाण्यासाठी राखलेले धानही खाऊन संपले, तर पुढच्या पावसाळ्यात शेत कितीही चांगले नांगरले तरी पेरायला काही उरत नाही. मालिकेचे असेच होते. नट मुरलेले, तंत्र सफाईदार, प्रेक्षक जमलेला, आणि पेरायला नवा प्रश्न नाही. सुरुवातीच्या काळात कसब वाढण्याचा वेग प्रश्न संपण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो, म्हणून बऱ्याच मालिका दुसऱ्या पर्वात उंचावतात. पुढे कधीतरी हे पारडे फिरते. ते कधी फिरते हे पर्वाच्या क्रमांकावर ठरत नाही. हातात किती प्रश्न उरले आहेत आणि ते कुठे नेऊन सोडवायचे हे ठरले आहे की नाही, यावर ते ठरते. या प्रकरणातले माझे म्हणणे हेच आहे.

मराठीत याची सर्वांत चांगली परीक्षा ‘रात्रीस खेळ चाले’ने दिली. झी मराठीवर 2016 मध्ये तिचे पहिले पर्व आले. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या वाड्यात चित्रित झालेली ही मालिका अण्णा नाईक यांच्या मृत्यूपासून सुरू होते. तो मृत्यू, वाड्यातली भीती, कुटुंबातले संशय असे सगळे रहस्याच्या अंगाने जात होते. रहस्यकथेची अडचण अशी, की शंका वाढवत नेणे सोपे आणि त्या सगळ्या शंकांना पुरेल असे उत्तर देणे अवघड. पहिले पर्व संपले तेव्हा पुढे जाण्यासाठी प्रश्न फारसे उरले नव्हते. मालिकाकारांनी मग पुढे जायचेच टाळले. 2019 मध्ये आलेले दुसरे पर्व काळात मागे गेले आणि अण्णा जिवंत असतानाची गोष्ट सांगू लागले. पहिल्या पर्वात ज्याच्या मृत्यूभोवती सगळे फिरत होते, त्याला माधव अभ्यंकरांनी चालते-बोलते केले. अण्णांची प्रेयसी असलेली अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घराघरांत पोहोचली. प्रल्हाद कुडतरकरांचा वाड्यावरचा गडी पांडू हसवत राहिला. सिंधुदुर्गापासून देवरी रस्त्याने हजार किलोमीटरहून दूर. मालवणी बोली आणि झाडीबोली यांच्यात अख्खा महाराष्ट्र पसरलेला. तरीही ती मालिका या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली गेली.

दुसरे पर्व पहिल्याहून सरस ठरले यामागे केवळ अभिनय होता असे म्हणणे पुरेसे नाही. अण्णा मरणार आहे, हे पहिल्याच दिवसापासून सर्वांना ठाऊक होते. शेवट निश्चित असल्यामुळे ‘काय होणार’ हा प्रश्न बाजूला झाला आणि ‘हा माणूस असा कसा झाला, याला इतकी माणसे सहन का करत होती’ हे प्रश्न पुढे आले. स्वभावाविषयीचा प्रश्न घटनेविषयीच्या प्रश्नापेक्षा कितीतरी जास्त काळ पुरतो, कारण त्याचे उत्तर एका भागात देऊन संपत नाही. अण्णांच्या पत्नी माईंचे सोसणे, शेवंताची हाव आणि तिचा एकटेपणा, अण्णांचा धाक हे सगळे आपण त्या ठरलेल्या शेवटाच्या उजेडात पाहत होतो. 2021 मध्ये तिसरे पर्व आले ते त्या शेवटाच्याही पलीकडे. अण्णा आणि शेवंता आता भुते होती. लोकांना हवी असलेली पात्रे परत आणायची तर हाच मार्ग होता, हे समजण्यासारखे आहे. पण मेलेल्या माणसाच्या स्वभावात बदल होत नाही आणि त्याच्यावर कसले संकटही येत नाही. त्याला फक्त भीती दाखवता येते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत चित्रीकरणावर आलेली बंदी, मध्येच बदललेली शेवंता हे अडथळेही आले. परंतु ते आले नसते तरी तिसरे पर्व दुसऱ्याच्या उंचीला गेले असते असे मला वाटत नाही. एकाच वाड्यातली, जवळपास त्याच मंडळींची ही तीन पर्वे आहेत. क्रमांक आणि दर्जा यांचा सरळ संबंध असता, तर मधले पर्व सर्वांत वर आले नसते.

हिंदीतल्या ‘पंचायत’चा प्रवास वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येतो. 2020 मध्ये आलेल्या पहिल्या पर्वात फुलेरा गावचा नवखा सचिव आणि त्याच्यापुढचे लहान-लहान पेच होते. सौरदिवा कुठे लावायचा, चाकांच्या खुर्चीवर कुणी बसायचे, भुताचे झाड खरे की खोटे? ग्रामपंचायत जवळून पाहिलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटले. प्रत्येक भागाचा प्रश्न त्याच भागात सुटत असे आणि सचिव गावाच्या थोडा जवळ सरकत असे. 2022 च्या दुसऱ्या पर्वाने हा साठा वापरला. गावचा उपप्रधान प्रल्हाद याचा मुलगा सैन्यात मारला गेल्याची बातमी येते तेव्हा आपण रडतो, कारण प्रल्हादला आपण दोन पर्वे हसताना पाहिलेले असते. 2024 आणि 2025 च्या पर्वांत मात्र आमदाराशी वैर आणि सरपंचपदाची निवडणूक हा एकच मोठा प्रश्न सर्वत्र पसरला. आठ-आठ भाग त्याचीच तयारी चालते आणि लहान पेचांना जागा उरत नाही. माणसे तीच, गाव तेच, नटही आधीपेक्षा मुरलेले. फक्त प्रत्येक भागात स्वतःचे असे काही सुटत नाही. गावाची गोष्ट सांगणाऱ्या मालिकेला न संपणारा साठा मिळालेला असतो, कारण गावात रोज काहीतरी अडते. तो साठा असताना एका निवडणुकीवर भिस्त ठेवण्याची गरज नव्हती. मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दशकातली ‘चिमणराव’ आठवणाऱ्यांना हे लगेच पटेल. चिं. वि. जोशी यांच्या कथांमधला प्रत्येक फजितीचा प्रसंग आपल्यापुरता पूर्ण होता, आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांची जोडी त्यामुळेच कधी रेंगाळली नाही.

रोजच्या मालिकेत हे गणित फारच कठोर होते. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला सुमारे 312. जाहिराती वगळून एका भागाची 22 मिनिटे धरली तरी वर्षाला 114 तासांची गोष्ट लागते. ‘ब्रेकिंग बॅड’चे पाच पर्वांतले सगळे 62 भाग मिळून पन्नास तासांच्या आसपास भरतात. त्या मालिकेला सहा वर्षांत जेवढी गोष्ट लागली, तेवढी मराठीतली रोजची मालिका सुमारे सव्वापाच महिन्यांत वापरून टाकते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी कामाची वाटणी त्यासाठीच झालेली असते, आणि तरीही कधी कधी सकाळी सेटवर आलेली पाने दुपारी चित्रित करावी लागतात. शिवाय दर गुरुवारी टीआरपी येतो. 2015 पासून हे मोजमाप बार्क ही संस्था करते. 2020 च्या सुमारास देशभरातल्या साधारण 44 हजार घरांत तिची यंत्रे होती. आकडा घसरला की ट्रॅक बदलतो, खलनायिकेला जीवदान मिळते, ठरलेले लग्न मोडते, नाहीतर कथा एकदम काही वर्षांचा लीप घेते. आकडा चढला तर अडचण आणखी मोठी, कारण मग गोष्ट संपवायची सोयच राहत नाही. सहा महिन्यांत सांगून होणारी गोष्ट दोन वर्षे चालवायची वेळ लेखकावर येते ती ती फसली म्हणून नाही, यशस्वी झाली म्हणून. प्रेक्षकांचे प्रेम आणि गोष्टीचा शेवट यांच्यात असे वैर लावून देणारी व्यवस्था मला मनापासून अन्यायाची वाटते. ती लेखकावर अन्याय करते आणि ज्यांनी त्या गोष्टीत जीव गुंतवला त्यांच्यावरही.

आता झाडीपट्टीकडे वळू. या रंगभूमीचे व्यापारी केंद्र देवरीपासून दूर, गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज म्हणजे वडसा येथे आहे. नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे आहेत आणि गावोगावची मंडळे तिथे येऊन तारखा ठरवतात. हंगामात कंपनी आज या गावी, उद्या त्या गावी असे तेच नाटक करत फिरते. पुढच्या हंगामाला बहुतेक कंपन्या नवे नाटक बसवतात, पण नट मंडळी पुष्कळदा तीच असतात. प्रेक्षक नटाच्या ओढीने येतो. परशुराम खुणे यांच्यासारखा विनोदी नट वर्षानुवर्षे शेकडो भूमिकांत या लोकांपुढे उभा राहिला. त्यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती अशाच कारकिर्दीसाठी. म्हणजे मालिकेत जे वाढते ते इथेही वाढते. नट मुरतो, प्रेक्षकाची ओळख घट्ट होते, कुठल्या वाक्याला हशा येतो आणि कुठे मागची मंडळी चुळबुळ करतात ते दहाव्या प्रयोगापर्यंत कळते आणि विसाव्यापर्यंत दुरुस्तही होते. मालिकेत जे घटते, ते मात्र इथे घटू दिले जात नाही. होळीनंतर ती गोष्ट संपते, आणि दिवाळीला दुसरी गोष्ट नवे प्रश्न घेऊन येते.

मालिकेत या दोन्हींची अदलाबदल झालेली असते. प्रत्येक भाग एकदाच होतो, चुकला तर तो सुधारून पुन्हा करता येत नाही; आणि गोष्ट मात्र तीच वर्षानुवर्षे धरून ठेवायची. ज्याला फिरून फिरून घासायला हवे ते एकदाच करायचे आणि ज्याला वेळेवर सोडायला हवे ते धरून ठेवायचे, असा हा उफराटा प्रकार आहे. झाडीपट्टीच्या नाटकांची कथानकेही पुष्कळदा एकमेकांसारखी असतात, सोशीक आई, वाट चुकलेला मुलगा, गावचा माजलेला धनी हीच माणसे नाव बदलून येतात, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो बराचसा खरा आहे. गाणी, लावणी आणि विनोदी प्रवेश यांनी रात्र भरून काढली जाते हेही खरे. मी त्या नाटकांची वाङ्मयीन थोरवी सांगत नाही. मुद्दा एवढाच, की कथानक कितीही ओळखीचे असले तरी पहाट होण्याआधी त्याला शेवट गाठावाच लागतो, आणि शेवट गाठायचा असल्यामुळे मधल्या प्रत्येक प्रवेशाला कुठेतरी जावे लागते. शेजारच्या गावात नाटक पडले तर त्याची वार्ता दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात पोहोचते, हा धाक वेगळाच.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप ‘चार दिवस सासूचे’चा आहे. ई टीव्ही मराठीवर 2001 मध्ये सुरू झालेली ही मालिका 2013 च्या सुरुवातीपर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. 22 मिनिटांच्या हिशेबाने ती अकराशे तासांची गोष्ट होते. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्या या मालिकेचे प्रश्न तिसऱ्या वर्षीच संपले असते, तर लोक पुढची आठ-नऊ वर्षे ती पाहतच का राहिले? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. माझे उत्तर असे, की इतकी लांब मालिका गोष्ट म्हणून पाहिली जात नाही, सोबत म्हणून पाहिली जाते. संध्याकाळी स्वयंपाक करताना, शेतावरून आल्यावर, म्हातारपणी एकटे राहताना ओळखीचे आवाज घरात असणे ही खरी गरज आहे, आणि ती भागवणाऱ्या मालिकेला तुच्छ लेखण्याचे काहीच कारण नाही. शेजारणीकडे रोज बसायला जाताना तिने आज काहीतरी नवे सांगावे अशी आपली अट नसते. मात्र सोबत दीर्घकाळ मिळाली म्हणून गोष्ट चांगली राहिली असे होत नाही. अमेरिकेतल्या ‘हॅपी डेज’ मालिकेत 1977 मध्ये नायक पाण्यावरून घसरत शार्क माशावरून उडी मारतो, असा भाग आला. मालिकेजवळची गोष्ट संपल्याची खूण म्हणून तो भाग पुढे जगभर बदनाम झाला. पण मालिका त्यानंतरही 1984 पर्यंत चालली आणि पुढची काही वर्षे भरपूर पाहिलीही गेली. प्रेक्षकसंख्या आणि दर्जा इतकी वर्षे वेगवेगळ्या दिशांनी चालू शकतात, हे त्यातून दिसते.

दुसरा आक्षेप मानसशास्त्राच्या अंगाने येतो. मालिका तीच असते, बदललेले आपण असतो. पहिल्या पर्वाच्या वेळची उत्सुकता, तेव्हाचे वय, तेव्हा घरात असलेली माणसे यांची आठवण पहिल्या पर्वाला चिकटलेली असते. यात तथ्य आहे, पण ते सगळे स्पष्टीकरण देत नाही. ‘रात्रीस खेळ चाले’चे दुसरे पर्व पहिल्यानंतर तीन वर्षांनी आले तरी लोकांनी ते डोक्यावर घेतले, म्हणजे स्मरणरंजन पहिल्याच पर्वाच्या बाजूने काम करते असे नाही. आणि आज मोबाइलवर सगळी पर्वे आठवडाभरात सलग पाहणाऱ्याच्या मनात पहिल्या पर्वाभोवती वर्षांची धूळ बसलेली नसते. मधली पकड आणि शेवटची घसरण त्यालाही जाणवते.

तिसरा आक्षेप मला जास्त अडवतो. शेवट आधी ठरलेला असला की पुढची पर्वे चांगली होतातच, असेही नाही. ‘सेक्रेड गेम्स’ला विक्रम चंद्र यांच्या जाडजूड कादंबरीचा आधार होता, तरी 2018 च्या पहिल्या पर्वाची पकड 2019 च्या दुसऱ्यात राहिली नाही. तिथे दुसरे पर्व मूळ कादंबरीपासून बरेच दूर गेले होते, हे लक्षात ठेवायला हवे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची गत याहून बोलकी आहे. 2011 मध्ये ती सुरू झाली त्याच वर्षी मूळ कादंबरीमालेचा पाचवा खंड आला. सहावा आलाच नाही. मालिका कादंबऱ्यांच्या पुढे निघून गेली आणि 2019 च्या आठव्या पर्वावर जगभरातून नाराजी आली. शेवट कुठे न्यायचा याची ढोबळ कल्पना असणे पुरेसे नव्हते. तिथपर्यंत पात्रे कशी पोहोचतात याची वाट कुणी आखलेली नव्हती. म्हणून माझ्या म्हणण्यात एवढी भर घालावी लागते: शेवट माहीत असणे ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. मराठीत सुहास शिरवळकरांच्या ‘समांतर’वर आधारलेल्या मालिकेने ही वाट नीट धरली. 2020 च्या पहिल्या पर्वाचा प्रश्न होता, आपले आयुष्य आधीच जगलेला चक्रपाणी नावाचा माणूस खरोखर आहे का? तो भेटला आणि प्रश्न संपला. पण त्याच्या रोजनिश्या नायकाच्या हाती आल्या आणि 2021 च्या दुसऱ्या पर्वाला रोजच्या एका पानातून नवा प्रश्न मिळाला. उत्तराच्या पोटातूनच पुढचा प्रश्न निघेल अशी ही बांधणी मूळ कल्पनेतच होती, आणि दोन्ही पर्वे मिळून भाग झाले अवघे एकोणीस.

मराठी वाहिन्यांना हे शहाणपण नवे नाही. सतीश राजवाडे यांची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ 2012 मध्ये सुरू होऊन लोकप्रिय असतानाच त्याच वर्षी संपली. ती पुढे ताणण्याऐवजी 2013 मध्ये ‘एका लग्नाची तिसरी गोष्ट’ आली, वेगळी जोडी आणि वेगळे घर घेऊन. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ची मित्रमंडळी 2016 च्या आरंभी निरोप घेऊन गेली आणि पुढच्या वर्षी ‘दिल दोस्ती दोबारा’मध्ये तेच सहा नट नव्या नावांनी, नव्या गोष्टीत परतले. झाडीपट्टीतली कंपनी दर दिवाळीला जे करते तेच हे. दोबाराला पहिलीइतके प्रेम मिळाले नाही, हे मान्य करायला हवे. गॉल्टनचा नियम तिलाही चुकला नाही. परंतु पहिल्या मालिकेची चव तिने बिघडवली नाही, आणि ती पहिली मालिका आजही कुणी नव्याने पाहिली तर पूर्ण गोष्ट पाहिल्याचे समाधान देते. उलट स्टार प्रवाहवरची 2008 ची ‘अग्निहोत्र’ घ्या. एक कुटुंब, जुना वाडा, गणपतीच्या मूर्तींचे रहस्य हे सगळे सुमारे दीड वर्षात नीट आटोपलेले होते. 2019 च्या अखेरीस ‘अग्निहोत्र 2’ आली. नावाला मोठी पुण्याई होती, प्रेक्षकांनी आठवणी जपल्या होत्या, आणि तरी ती काही महिन्यांतच बंद झाली. मिटलेला प्रश्न पुन्हा उघडायचा तर तो मिटला नव्हता असे प्रेक्षकाला पटवावे लागते, आणि पहिल्या वेळी ज्याने समाधानाने उसासा टाकला त्याला ते पटवणे फार कठीण असते.

ब्रिटिश दूरदर्शनवरच्या ‘फॉल्टी टॉवर्स’चे 1975 मध्ये सहा आणि 1979 मध्ये सहा, असे बाराच भाग झाले. दुसरे पर्व चार वर्षांनी आले, कारण ते लिहिणाऱ्या जोडीने घाई केली नाही आणि करायला भागही पाडले गेले नाही. मराठी वाहिन्यांवर इतका अवकाश कुणी देणार नाही, हे धंद्याचे वास्तव आहे. तरी मालिका सुरू होतानाच तिच्या भागांची संख्या करारात लिहिणे, ती संपल्यावर त्याच लेखक-नटांना नव्या गोष्टीसाठी पुन्हा बोलावणे आणि टीआरपीचा आकडा पुढची गोष्ट कुणाला द्यायची हे ठरवण्यासाठी वापरणे, चालू गोष्ट वाकवण्यासाठी नव्हे, एवढे करता येण्यासारखे आहे. वडशाच्या कार्यालयांत तारखा ठरवणाऱ्या मंडळींचा व्यवहार बहुतांशी असाच चालतो: नाटक कंपनीचे, तारीख मंडळाची, आणि पडदा केव्हा पडणार हे दोघांनाही आधीपासून माहीत.